काजूगर ओळखायला लेझर: सिंधुदुर्गातल्या एका छोट्या कारखान्याचं प्रकरण

कारखाना छोटा आहे. कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत, पुढे पत्र्याची शेड, मागे टरफलं जाळून चालणारा बॉयलर. सगळं सुरळीत असेल त्या दिवशी शंभरेक किलो काजूगर तयार होतो. बी वाफवणं, कटिंग, ड्रायर, साल काढणं ही कामं मार्गी लागलेली आहेत. गाडं अडतं ते शेवटच्या टेबलावर, प्रतवारीला. अख्खा गर एका ट्रेमध्ये, उभी दुभंगलेली पाकळी दुसऱ्या, मधोमध आडवा मोडलेला बट तिसऱ्या. तुकडा आणि कणी चाळणीतून आधीच खाली गेलेली असते. मग अख्ख्या गरातही २१०, २४०, ३२० असे नंबर. हे सगळं बायका नजरेनं आणि बोटांनी करतात, आणि भातलावणी किंवा गणपती आले की टेबल अर्धं रिकामं होतं.

मालकांनी मोठ्या कारखान्यात कॅमेऱ्याचं सॉर्टिंग यंत्र पाहिलं होतं आणि त्याची किंमत ऐकून परत आले होते. त्यांचा मुलगा आमच्या महाविद्यालयात बीएस्सीला, म्हणून विभागात लेझर आहे हे त्यांना ठाऊक होतं. लेझर आणि भिंगं वापरून संगणकाशिवाय, प्रकाशाच्या वेगानं चित्र ओळखता येतं असं कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं होतं. ते काजूवर जमेल का, एवढाच त्यांचा प्रश्न. प्रश्न चांगला होता, आणि त्याचं उत्तर शोधायला शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक खराखुरा प्रकल्प मिळाला. पुढे लिहिलंय ते त्या कामाचं टिपण. असा विचार करणारे आणखी कारखानदार आणि शिक्षक कोकणात असतील, त्यांना हिशेब आयता मिळावा म्हणून आकडेमोड सविस्तर ठेवली आहे.

भिंग नेमकं काय करतं

त्यांच्या वाचनात आलेली गोष्ट खोटी नव्हती. लेझरचा रुंद, समांतर झोत घ्या, त्याच्या वाटेत पारदर्शक फिल्मवरचं चित्र भिंगाच्या नाभीय अंतरावर उभं करा, आणि भिंगाच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर पडदा धरा. पडद्यावर चित्र दिसत नाही, त्याचं फूरियर रूपांतर दिसतं, म्हणजे चित्रातल्या ढोबळ आणि बारीक घटकांची वाटणी. चित्रातले ढोबळ आकार मध्याजवळ प्रकाश टाकतात, बारीक तपशील मध्यापासून लांब. उभ्या रेघांची जाळी ठेवली तर पडद्यावर आडव्या ओळीत ठिपके येतात. सूक्ष्मदर्शकात प्रतिमा कशी बनते हे समजावताना अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये याचा पाया घातला. १९६० मध्ये मैमन यांचा लेझर आला आणि हे काम सोयीचं झालं, कारण त्यासाठी लागणारा एका लयीतला, एका रंगाचा, भरपूर प्रकाश आधी मिळतच नव्हता.

हे रूपांतर संगणकावर करायचं तर १०२४ गुणिले १०२४ बिंदूंच्या चित्रासाठी, कूली आणि ट्यूकी यांची १९६५ ची झटपट पद्धत वापरूनही, क्रियांची संख्या कोटींत जाते. भिंग तेच काम प्रकाश आरपार जाईपर्यंत करून मोकळं होतं. ५०० मिमी नाभीय अंतराच्या भिंगात प्रकाशाला एकूण एक मीटर अंतर कापायचं असतं. त्याला लागतात सुमारे ३.३ नॅनोसेकंद.

ओळखण्याचा भाग त्यानंतर येतो. हवा असलेला आकार आधीच ठरलेला असेल, तर त्याच्या फूरियर चित्राच्या उलट कला (लहरीचा चढ-उतार कुठे आहे ते) असलेला फिल्टर बनवून पडद्याच्या जागी ठेवायचा. समोरच्या चित्रात तो आकार असेल तर फिल्टरमधून निघालेल्या सगळ्या लहरी एका कलेत येतात, आणि भजनात सगळ्यांच्या झांजा एकाच ठोक्यावर पडाव्यात तशा एकदम उठतात: दुसऱ्या भिंगामागे एक लखलखीत ठिपका दिसतो. आकार चित्रात जिथे असेल तिथेच ठिपका. चित्रात तो पाच ठिकाणी असेल तर पाच ठिपके, आणि तेही एकाच वेळी. मिशिगन विद्यापीठातले अँथनी व्हॅन्डर लुग्ट यांनी १९६४ मध्ये असा फिल्टर फोटोग्राफिक प्लेटवर कसा नोंदवायचा ते दाखवलं. लीथ आणि उपाटनीक्स यांनी १९६२ मध्ये होलोग्राफीसाठी तिरक्या संदर्भ झोताची जी युक्ती मांडली होती, तिचंच हे भावंड. त्याच मंडळींनी विमानातल्या रडारच्या फिल्मवरची नोंद भिंगांनी वाचून जमिनीचे नकाशे काढले होते, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांत या तंत्राकडे लष्करी पैसा वळणं ओघानंच आलं.

हे सगळं मालकांना शक्य तितकं सोपं करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या उजेडाचो वेग ऱ्हवांदे सर, तासाक किती किलो होतले ता सांगा."

प्रकल्पाची दिशा ठरवणारं वाक्य हेच. म्हणून यंत्र जुळवण्याआधी त्यांच्या गरजेचा हिशेब केला.

गरज किती

काजूगराचे नंबर म्हणजे एका पौंडात किती गर बसतात ते. ३२० नंबर म्हणजे पौंडाला ३०० ते ३२०, २४० म्हणजे २२० ते २४०, २१० म्हणजे २०० ते २१०. पौंड ४५३.६ ग्रॅमचा. म्हणजे ३२० नंबरचा एक गर साधारण १.४ ते १.५ ग्रॅम आणि २४० नंबरचा १.९ ते २.१ ग्रॅम. किलोत ३२० नंबरचे सुमारे ७०५ गर भरतात. शंभर किलोत ७०,५००. आठ तासांच्या पाळीत २८,८०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला अडीच गर.

सेकंदाला अडीच. सगळा माल एकाच वाटेनं सोडला तरी एका गराला ०.४ सेकंद मिळतात. प्रकाशाच्या वेगाची भाषा या कारखान्याला तशी लागूच नव्हती. तरीही प्रयोग करायचा ठरला, कारण यंत्र स्वस्तात बसलं तर वेग जास्त असल्यानं काही बिघडत नव्हतं.

आमच्या टेबलावर काय बसलं

व्हॅन्डर लुग्ट पद्धतीत दोन भिंगं आणि चार नाभीय अंतरं लागतात. चित्र फिल्मवर न देता संगणकातून द्यायचं तर स्पेशियल लाइट मॉड्युलेटर हवा. एसएलएम म्हणतात त्याला: प्रत्येक बिंदूची पारदर्शकता विजेनं बदलता येणारी काच. नवा घेणं परवडणारं नव्हतं. जुन्या प्रोजेक्टरमधले एलसीडी पॅनेल हाच आमच्यासारख्या प्रयोगशाळांचा एसएलएम. आमच्या पॅनेलचा एक बिंदू ३२ मायक्रॉनचा, आडव्या रांगेत ८३२ बिंदू.

इथे पहिली अडचण आली, आणि ती पुस्तकं फारशी ठळक करून सांगत नाहीत. चित्राचं एक पॅनेल आणि फिल्टरचं तसंच दुसरं पॅनेल वापरायचं असेल, तर दोघांची मापं जुळायला भिंगाचं नाभीय अंतर बिंदूंची संख्या गुणिले बिंदूच्या आकाराचा वर्ग भागिले तरंगलांबी एवढं हवं. हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. उत्तर येतं सुमारे १.३५ मीटर. चार नाभीय अंतरं म्हणजे ५.४ मीटर. आमच्या प्रयोगशाळेची भिंत तेवढी लांब आहे, पण तिच्यावर बेसिन आणि दोन कपाटंही आहेत. शिवाय फिल्टर आडव्या दिशेनं जरासा जरी सरकला तरी ठिपका विझतो. रस्त्यावरून चिऱ्याचा ट्रक गेला की इमारत तेवढी हलतेच.

म्हणून वीव्हर आणि गुडमन यांची १९६६ ची संयुक्त पद्धत घेतली. हिच्यात फिल्टर बनवायचाच नसतो. ओळखायचा गर आणि नमुन्याचा गर अशी दोन्ही चित्रं पॅनेलवर शेजारी-शेजारी दाखवायची. भिंगामागे दोघांचं मिळून एक फूरियर चित्र बनतं, ते कॅमेरा टिपतो. दोन आकार सारखे असतील तर त्या चित्रावर बारीक, सरळ पट्टे उमटतात. आमच्या मांडणीत दोन चित्रांमधलं अंतर १० मिमी, भिंग ५०० मिमीचं, म्हणून पट्ट्यांतलं अंतर ३२ मायक्रॉनच्या आसपास. कॅमेऱ्याचा बिंदू ५ मायक्रॉनचा असल्यानं एका पट्ट्याला सहा बिंदू मिळतात आणि पट्टे नीट टिपले जातात. मग हे पट्ट्यांचं चित्र त्याच पॅनेलवर दाखवून पुन्हा भिंगातून पाठवायचं. आकार जुळत असतील तर मधल्या भगभगीत ठिपक्यापासून दीड मिलिमीटरवर, दोन्ही बाजूंना, एक-एक टोकदार ठिपका उगवतो. पट्ट्यांचं चित्र दुसऱ्या फेरीआधी नुसतं काळं-पांढरं केलं तर हे ठिपके आणखी धारदार होतात. मुलांना सगळ्यात जास्त मजा याच टप्प्यावर आली.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गरावर थेट लेझर टाकून हे जमत नाही. खडबडीत पृष्ठभागावर लेझरचा प्रकाश पडला की करकरीत दाणेदार ठिपक्यांचा गोंधळ दिसतो, आकार हरवतो. म्हणून खालून उजेड असलेल्या काचेवर गर ठेवून साध्या कॅमेऱ्यानं त्याची सावली टिपायची आणि ती सावली पॅनेलवर द्यायची.

कोकणातल्या हवेचा हिशेब वेगळा. लेझरच्या प्रकाशात भिंगावरचा प्रत्येक धूलिकण स्वतःभोवती वलयं काढतो. कारखान्यातून आलेल्या ट्रेबरोबर काजूच्या सालीचा तांबूस भुगा यायचा आणि दुपारपर्यंत पडद्यावर वलयांची नक्षी तयार व्हायची. पावसाळ्यात भिंगांवर बुरशीचे धागे चढतात. त्यावर जुना उपाय आहे, कपाटात सतत पेटता दिवा आणि सिलिका जेलच्या पुड्या. तो महाग उपकरणांच्या तोडीचाच निघाला.

एका गराला किती नमुने

एकच गर, त्याच दिशेनं ठेवलेला, स्वतःच्या नमुन्याशी ताडून पाहिला तर ठिपके झकास येतात. गर थोडा फिरवला की ठिपका मंदावतो, आणखी फिरवला की दिसेनासा होतो. जुळणीचा हा फिल्टर जागेबाबत उदार आणि दिशेबाबत अत्यंत कडक असतो. गर कुठे आहे याचं त्याला काही नाही, पण कसा पडलाय याचं फार आहे.

किती कडक, ते कागदावर काढता येतं. गराची लांबी २५ मिमीच्या आसपास, म्हणजे मध्यापासून टोक १२ मिमीवर. आपण १ मिमीपर्यंतचा तपशील जुळवतोय असं धरलं, तर ५ अंश फिरल्यावर टोक १ मिमी सरकतं. त्याहून जास्त फिरलं की जुळणी गेली. म्हणून एका आकाराला ७२ दिशांचे नमुने लागतात. गर काचेवर दोन्ही कुशींवर पडू शकतो आणि त्या दोन सावल्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, म्हणून दुप्पट. तीन नंबर ओळखायचे, म्हणून तिप्पट. एकूण ४३२ जुळण्या.

आमचं पॅनेल आणि कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं हाताळतात. संयुक्त पद्धतीत एका जुळणीला दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ३० जुळण्या. ४३२ ला लागतात १४.४ सेकंद. गरज होती ०.४ सेकंदाची. एका जुळणीच्या ३३ मिलिसेकंदांत प्रत्यक्ष प्रकाशाचा वाटा किती, तर दोन्ही फेऱ्या मिळून सात नॅनोसेकंद. बाकी सगळा वेळ पॅनेलमधले द्रवस्फटिक वळायला आणि कॅमेरा वाचायला जातो. भिंग पन्नास लाख पट वेगवान असून उपयोग नाही, त्याला चित्र भरवणारा आणि त्याच्याकडून उत्तर घेणारा हात हळू आहे.

यावर उपाय आहेत. सेकंदाला हजारो काळी-पांढरी चित्रं दाखवणारी सूक्ष्म आरशांची पॅनेलं मिळतात. ह्सू आणि आर्सेनो यांनी १९८२ मध्ये आकाराचे वर्तुळाकार घटक वेगळे काढून दिशेची पर्वा न करणारा फिल्टर सुचवला. हॉर्नर आणि जियानिनो यांच्या १९८४ च्या केवळ कला वापरणाऱ्या फिल्टरमुळे प्रकाशाचा अपव्यय कमी होतो. अनेक नमुने एकाच फिल्टरमध्ये गुंफण्याच्या रीतीही त्याच दशकात बसवल्या गेल्या. पण ह्सू–आर्सेनो फिल्टर दिशेपासून सुटका देतो तो आकाराची बरीचशी माहिती टाकून देऊन, आणि आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी बारीक होती.

किती बारीक, ते पाहा. २१० आणि २४० नंबरांत वजनाचा फरक सातास आठ. लांबीत तो घनमूळानं उतरतो: साडेचार टक्के. २५ मिमीच्या गरात जेमतेम १.१ मिमी, मध्यापासून मोजलं तर अर्धा मिलिमीटर. १ मिमी तपशिलावर चालणाऱ्या जुळणीला हे दोन नंबर एकच वाटणार. तपशील अर्धा मिलिमीटर केला तर नंबर सुटतात, पण मग दिशेची सवलत ५ अंशांवरून २.४ अंशांवर येते, दिशा १५० होतात, जुळण्या ९००, आणि एका गराला अर्धं मिनिट. आकार जितका काटेकोर पाहावा तितकी दिशा काटेकोर लागते. या कात्रीतून जुळणीचा फिल्टर सुटत नाही, पॅनेल कितीही वेगवान आणलं तरी.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. ऑप्टिकल कोरिलेटर, म्हणजे प्रकाशानं आकार जुळवून पाहणारी ही मांडणी, "हे ते आहे का?" या प्रश्नाचं उत्तर देतो. ठसा तोच आहे का, फोटोत हे विमान आहे का, पानावर हे अक्षर कुठे-कुठे आहे. काजूच्या प्रतवारीत प्रश्न "हे केवढं आहे?" असा असतो. ओळखण्याचं यंत्र मोजायला लावलं की प्रत्येक मापासाठी एक वेगळी ओळख तयार करावी लागते. सावलीचं क्षेत्रफळ मात्र गर कसाही फिरवला तरी तेच राहतं, आणि ते काढायला काळे बिंदू मोजले की झालं. साध्या लॅपटॉपला त्यासाठी काही मिलिसेकंद पुरतात.

पडती सावली

इथे प्रकल्प संपला असता. पण एका विद्यार्थिनीनं विचारलं की पॅनेल मधे आणायचंच कशाला? गरच झोतात टाकू. गर अपारदर्शक आहे, त्याची कड स्वच्छ आहे, आणि बाबिनेच्या तत्त्वानुसार अडथळा आणि त्याच आकाराचं भोक यांची विवर्तन चित्रं (कडांवरून वळून पसरलेल्या प्रकाशाची नक्षी) मधला ठिपका सोडला तर सारखीच असतात.

मग दुर्बिणीची भिंगं वापरून झोत ५० मिमी रुंद केला. वरून पत्र्याची पन्हळ, तिच्यातून एकेक गर सोडायचा, तो झोत ओलांडून खालच्या डब्यात. ५०० मिमीच्या भिंगामागे कॅमेरा, आणि बरोबर मध्यावर काचेच्या पट्टीवर शाईचा ठिपका, म्हणजे मधला प्रखर प्रकाश अडतो. लेझर ५ मिलिवॅटचा. झोत रुंद असताना तो मवाळ असतो, पण भिंगामागे पुन्हा एकवटतो, म्हणून त्या बाजूला पुठ्ठ्याची पेटी आणि डोकं न घालण्याचा कडक नियम.

या मांडणीत दोन गोष्टी हाताशी आल्या. पहिली: गर दोन मीटर प्रति सेकंद वेगानं पडतो, तरी त्याचं फूरियर चित्र जागचं हलत नाही. वस्तू सरकली की फक्त कला बदलते, प्रकाशाची तीव्रता तीच राहते. कॅमेरा पडत्या वस्तूचा फोटो काढत असूनही सरकण्यामुळे चित्र फरपटत नाही. डोळ्यांनी पाहताना हे खरं वाटत नाही. डब्यात टपटप गर पडतायत आणि स्क्रीनवरचा फुलोरा जागच्या जागी फक्त वळतोय.

दुसरी गोष्ट अधिक कामाची. अख्ख्या गराची कड सगळीकडे वळणदार, म्हणून त्याचा प्रकाश पंख्यासारखा पसरतो. बटाची मोडलेली कड सरळ असते, आणि सरळ कड तिच्या काटकोनात एक लांब, तेजस्वी रेघ टाकते. मधोमध मोडलेला बट झोतातून गेला की स्क्रीनवर रेघ लखकन चमकते, शेजारी उभं राहूनही कळते. पाकळीचंही तसंच, फक्त ती आडवी, कडेनं दिसली तरच. तिचं पोट सपाट असतं, कडेनं सावली सरळ येते, रेघ उमटते. समोरून पाहिली तर पाकळी आणि अख्खा गर यांची सावली एकच.

२० सेंटिमीटरवरून सोडलेला गर ५० मिमीचा झोत २५ मिलिसेकंदांत ओलांडतो. आमच्या ६० चित्रांच्या कॅमेऱ्याला त्यात एक किंवा दोन चित्रं मिळतात. त्या क्षणी पाकळी कडेनं नसेल तर ती अख्खी म्हणून निघून जाते. वेगाची खरी गरज या जागी आहे. सेकंदाला हजार चित्रं घेतली तर २५ मिळतील. पण गर तेवढ्या वेळात पूर्ण फेरी मारत नाही, म्हणून काटकोनात दुसरा झोतही लागेल.

हजार चित्रांचा कॅमेरा महाग, पण इथे कॅमेऱ्याची गरजच नाही. लेंडॅरिस आणि स्टॅन्ली यांनी १९७० मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंवर हेच केलं होतं: फूरियर चित्र पूर्ण वाचायचं नाही, फक्त कुठल्या दिशेला आणि मध्यापासून किती अंतरावर किती प्रकाश पडला ते मोजायचं. रस्ते, इमारती अशा माणसानं बांधलेल्या गोष्टींच्या सरळ कडा तीव्र रेघा टाकतात, रान-डोंगर टाकत नाहीत. पुढे यासाठी ३२ पाचरी आणि ३२ अर्धवलयं कोरलेले सिलिकॉन डिटेक्टर निघाले. सावलीचं फूरियर चित्र मध्याभोवती सममित असतं, म्हणून एका अर्ध्यात पाचरी, दुसऱ्या अर्ध्यात वलयं भागतात. लाखो बिंदूंऐवजी ६४ आकडे. ते सेकंदाला हजारो वेळा वाचणं आज किरकोळ इलेक्ट्रॉनिक्सचं काम आहे. भिंगाच्या वेगाचा फायदा असा मिळतो: नको असलेली माहिती, म्हणजे गर कुठे आहे ते, प्रकाश स्वतःच टाकून देतो आणि उरतं ते थोडक्यात मोजता येतं.

सावलीला रंग नसतो, हे मात्र विसरून चालत नाही. भट्टीत करपून तांबूस झालेला गर आणि पांढरा गर यांची सावली एकच. चिकटून राहिलेली साल टिपायची म्हणून लाल लेझर गरावर परावर्तित करून पाहावं, तर लाल उजेडात तांबूस साल फिकट दिसते. हे काम आजही टेबलावरच्या बायकांच्या नजरेचं आहे आणि त्या हातात धरलेला गर उलटायच्या आत सांगतात.

मालकांना काय दिलं

नंबर काढायला खालून उजेडाची काच, वर साधा कॅमेरा आणि जुना लॅपटॉप. ट्रेमध्ये गर सुटे पसरायचे; स्क्रीनवर प्रत्येकावर रंगीत खूण येते आणि बायका खुणेप्रमाणे उचलतात. क्षेत्रफळावरून वजनाचा अंदाज लॉटगणिक बदलतो, कारण वेंगुर्ला-७ जातीच्या मोठ्या बीचा गर आणि गावठी झाडाचा गर यांची जाडी सारखी नसते. म्हणून लॉट बदलला की मूठभर गर काट्यावर तोलून जुळवणी करायची. ती मालकांचा मुलगा करतो. यात लेझर कुठेही नाही, आणि मालकांना त्याचं काडीचंही दुःख नाही.

पडत्या सावलीची मांडणी प्रयोगशाळेत आहे. आता तिला कॅमेऱ्याऐवजी फोटोडायोडच्या पाचरी लावायचं चाललंय. तिचं गणित मात्र मालकांच्या प्रश्नाला वेगळंच उत्तर देतं. ५० मिलिसेकंदांना एक गर, म्हणजे सेकंदाला २० गर सोडता आले, तर तासाला ७२,००० गर, म्हणजे शंभर किलोच्या वर. एका कारखान्याचा दिवसभराचा माल ते तासात संपवेल आणि उरलेला दिवस बसून राहील. तेव्हा असं यंत्र एकट्यानं घेण्यात अर्थ नाही. आसपासच्या सात-आठ कारखान्यांनी मिळून, एका जागी बट आणि पाकळी काढायला वापरलं तरच ते पोसतं. मालकांनी दोघा शेजाऱ्यांशी बोलणं केलंय. प्रत्येकाचा माल वेगळा कसा ठेवायचा यावर ते अडलेत.

आमच्या बाजूनं अडलंय ते पन्हळीवर. दोन गर एका वेळी झोतात आले की दोघांची चित्रं एकमेकांत मिसळून त्यावर पट्टे येतात. रेघ दिसते, पण ती कुणाची ते सांगता येत नाही, आणि दोन्ही बाजूला काढले तर चांगला माल वाया जातो. थरथरत्या पन्हळीवर गर एकामागे एक, ठरावीक अंतरानं सोडणारा फीडर लागेल. काजूगर वाकडा, हलका आणि दमट दिवसांत किंचित चिकट असतो. सेकंदाला पाचच्या पुढे आमच्या पन्हळीवर ते जोडीनं उतरायला लागतात. पुढच्या बॅचच्या मुलांना विषय दिलाय तो फीडरचा.